संतुकमामांनी थांबवलेली लढाई

संतुकमामांच्या परसात दोन फौजा उभ्या आहेत, असं आमच्या गावात सगळे म्हणायचे. लेकरांना भीती घालायला म्हणत असतील, असं मला आधी वाटलं. पण मोठी माणसंच जास्त म्हणायची, आणि तीसुद्धा विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तशा साध्या आवाजात. दुपारची जेवणं झाली की त्या परसाच्या कडेने कुणी बैल नेत नसे. कारण विचारलं तर म्हणत, "जनावर बुजायलंय तिथं." पुढे बोलत नसत.

मी त्या गावात सून म्हणून गेले ती पोलीस ॲक्शनच्या पुढच्या उन्हाळ्यात. चुडाव्याला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे बैलगाडीने जायचं. निजामाचं राज्य गेलं होतं, चावडीवरचा झेंडा बदलला होता, पण माणसं अजून हळूच बोलायची, जणू मागे कुणी ऐकतंय. आमच्या घराची आणि संतुकमामांच्या घराची भिंत एकच होती. मातीची, आढ्यापर्यंत न पोचलेली. तिकडे कुणी खोकलं तरी इकडे ऐकू यायचं. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते थोडं पाहिलेलं आणि बरंचसं भिंतीवरून आलेलं आहे.

उंच, हडकुळा माणूस. मान कायम खाली. लोकांना ती नम्रता वाटायची. खरं म्हणजे पायाखाली काय आहे ते बघत चालायचे. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता, आणि जीव मारायचा नाही म्हणजे नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचे. चुलीत गोवरी घालण्याआधी त्यांच्या बायकोने, गयामामीने, ती जमिनीवर आपटून आतले किडे झाडायचे आणि ते सुपात घेऊन बाहेर सावलीत सोडून यायचे. त्या बाईचा स्वयंपाक गावात सगळ्यात उशिरा व्हायचा. भर रस्त्यात मुंग्यांची रांग आडवी आली की संतुकमामा थांबायचे. मागे गाडी असली तर गाडीही थांबायची, कारण त्यांच्या बाजूने गाडी घालायची कुणाची छाती नव्हती.

"मामा, ही वरात कवा संपल?" किसन गाडीवाल्याने एकदा वैतागून विचारलं. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

"नवरदेव मागं ऱ्हायलाय वाटतं. थांब जरा," ते म्हणाले, आणि खरंच थांबून राहिले. हसले नाहीत.

जमीन चांगली काळी होती. पण नांगराखाली जीव मरतो म्हणून स्वतः कसत नसत, बटईने दिली होती. माझी सासू जिभेची तिखट. तिने एकदा भिंतीवरूनच विचारलं, "मामा, बटईदाराच्या नांगराखाली जे किडे मरायलेत, त्येंचं पाप कुणाला? त्याला का तुमाला?"

पलीकडे चालणं थांबलं. मग म्हणाले, "बघून सांगतो."

हे त्यांचं नेहमीचं होतं. काहीही विचारा, "बघून सांगतो." म्हणजे पोथीत बघून. मनाचं म्हणून काही सांगायचंच नाही. पोथीत असेल तेवढं सांगायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, अशी त्यांच्या गुरूची शिकवण होती. गावाला ते आवडायचं. भावाभावांची भांडणं, सोयरिकी, कुणाला वाळीत टाकावं का, सगळं त्यांच्या ओसरीवर यायचं. हा माणूस मधे स्वतःला घालत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. सासूच्या किड्यांचा जबाब दुसऱ्या दिवशी आला: "वयनी, पोथीत दिसंना." सासू तोंडाला पदर लावून हसली. ते मात्र दिवसभर अस्वस्थ होते. ओसरीवर येरझारा घालत होते, तेही खाली बघत बघत.

जेवण झालं की ते पोथी सोडायचे. मोठ्याने वाचायचे. आवाज गोड नव्हता, पण एकेक शब्द सुटा ऐकू यायचा. मी इकडे ज्वारी निवडत बसलेली असे. सुरुवातीला शंख वाजायचे. मग लढायला कोण कोण आलंय त्यांची नावं, त्यांचे घोडे, हत्ती. मग तो मोठा धनुर्धारी देवाला म्हणायचा, माझा रथ दोन्ही फौजांच्या मधे ने. देव न्यायचा. तिथून तो बघतो तर समोर आजा, मामा, गुरू, भाऊ. त्याचे हातपाय गळायचे. धनुष्य टाकून तो रथात खाली बसायचा.

इथे संतुकमामा थांबायचे आणि पोथी फडक्यात बांधायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. शंख, नावं, घोडे, हत्ती, धनुष्य खाली. पोथी बंद.

मला शाळा चौथीपर्यंतची. पण खरी पोथी तिथून पुढे आहे, एवढं मलाही माहीत होतं. देव आता बोलणार, आणि हे नेमकी तिथे गाठ मारतात. बरेच दिवस ऐकलं आणि एक दिवस सासूला विचारलं, "आत्याबाई, मामा म्होरं कामून वाचत न्हाईत?"

"तू ज्वारी निवड."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पोथी सुरू केली की तडीला न्यावी लागती. न्हाई नेली तर आतलं सगळं बाहीर ताटकळत ऱ्हातंय. त्या दोनी फौजा मामाच्या परसात हायेत. हुकमाची वाट बघायलेत. तू तिकडं दुपारचं जाऊ नको."

मी गेले. मुद्दाम नाही. आमचं वासरू दावं तोडून पळालं आणि कुंपणाच्या फटीतून त्या परसात शिरलं. ऊन तापलेलं, रस्त्यावर माणूस नाही. परस म्हणजे एक बाभूळ आणि बाकी मोकळी जागा. वासरू मधोमध उभं होतं. कान पुढे केलेले, शेपूट हलत नव्हतं. मान वर करून बघत होतं. माणसाच्या तोंडाकडे बघावं त्याहून वर, घोड्यावर बसलेल्या माणसाकडे बघावं तेवढं वर.

बाहेर झळा वाहत होत्या. आत वारा पडलेला. पण ऊब होती, ती उन्हाची नव्हती. जत्रेत देवळाच्या दारात गर्दीत शिरलं की चहूकडून अंगाला लागते तसली ऊब. घामाचा आणि जनावराच्या अंगाचा वास. आमच्या गावात तेव्हा घोडा नव्हता, पाटलाची घोडी मरून गेली होती. गवत सगळीकडे दबलेलं होतं, पण त्यावर कुणी झोपल्यासारखं नाही, ठिकठिकाणी उभं राहून दाबल्यासारखं. मी वासराच्या गळ्यात हात घातला आणि ओढत निघाले.

ओसरीवरून संतुकमामांचा आवाज आला. "सूनबाई, हळू. कुणाला धक्का लावू नगंस."

बाहेर रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की रिकाम्या परसातून मी सगळा वेळ अंग चोरून, खांदा वळवून चालत आले होते.

मला भुताखेतांचं पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं. जे झालं तेवढं सांगितलं.

मामा पोथीत तिथेच का थांबतात ते मला गयामामीने सांगितलं. ओढ्यावर धुणं धुवायला आम्ही बरोबर जायचो. एकदा तिथल्या करंजाच्या झाडाकडे बघून तिने हातातलं धोपटणं खाली ठेवलं. "हितंच," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं. रडली बिडली नाही.

रझाकारांचे दिवस होते. शेजारच्या गावात त्यांनी कडब्याच्या गंजी पेटवल्या, माणसं मारली. मेलेल्यांत आमच्या थोरल्या दिरांचा, माधवरावांचा, जिवाचा दोस्त होता. आमच्या गावच्या वेशीत हुसेन पिंजारी राहायचा. गाद्या भरायचा, कापूस पिंजायचा. एक दिवस लोकांनी त्याला रझाकारांच्या पुढे चालताना पाहिलं. वाट दाखवत होता. नंतर तो सगळ्यांना सांगत फिरला, की मानेला धरून पुढे घातलं होतं, काय करू. काहींना पटलं, काहींना नाही. मग मिलिटरी आली, आणि रझाकार कुठे गेले ते कळलंही नाही. तेव्हा गावातली काही तरणी पोरं कुऱ्हाडी, काठ्या घेऊन जमली.

ती आधी हुसेनकडे गेली नाहीत. आधी संतुकमामांच्या ओसरीवर आली. लहानपणापासून त्यांची पोथी ऐकत वाढलेली पोरं. पाप नको होतं त्यांना. म्हणाली, "मामा, जीव मारू नये म्हन्ता तुमी. मग देवानं त्याला लढ कामून म्हनलं? आमी आता काय करावं? पोथीत काय हाय ते सांगा."

"ह्येंनी हात धरून नको म्हनलं असतं तर पोरं परत गेली असती," गयामामी म्हणाली. "मी दारात उभी व्हते. पोरांनी कुऱ्हाडी भुईवर ठिवल्या व्हत्या. पन ह्ये म्हनले, बघून सांगतो."

आणि पोथी सोडून त्यांनी देवाचा जबाब वाचला. शरीर पडतं, आतला मरत नाही. समोरचे माझ्या हातून आधीच मेलेले आहेत, तू नुसता निमित्ताला उभा राहा. जे होतं ते सगळं वाचलं, पदरचं काही घातलं नाही. पोरांनी पाया पडून कुऱ्हाडी उचलल्या.

हुसेन या करंजाखाली कुणाचा तरी कापूस पिंजत होता. "पोरं पळत यायलेली दिसली तर त्यानं काय केलं म्हाईत हाय का? कापूस उडू नये म्हनून वरून फडकं टाकलं," गयामामी म्हणाली. एवढं सांगून ती पुन्हा धुणं बडवायला लागली.

संध्याकाळी मामांना कळलं. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोथी पहिल्या पानापासून काढली आणि धनुष्य खाली पडल्यावर बांधून टाकली.

त्या पोरांत माधवराव होते का, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. भिंतीला भिंत असून ते संतुकमामांच्या दारावरून कधी जायचे नाहीत, मारुतीच्या देवळाकडून लांबचा वळसा घ्यायचे. बाकी माणूस खाऊन पिऊन सुखी. झोप गाढ. एकदा जेवताना म्हणाले होते, "देवाचं काम व्हतं ते." कशावरून विषय निघाला ते मला आठवत नाही. सासूने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली होती, ते आठवतं.

पुढे एका साली देवी आल्या. लेकरं गेली. लोक म्हणाले, अर्ध्या पोथीचा कोप आहे. पोखर्णीकडून पोथी सांगणाऱ्या एका बुवांना आणलं. गोरे, लठ्ठ, बोलायला हुशार. संतुकमामांच्या ओसरीवर सगळं गाव जमलं, आम्ही बायका ओसरीच्या एका कडेला. थोरले दीर शेतावर निघून गेले होते.

बुवांनी आधी समजूत घातली. "जीव मारू नये ही आज्ञा आपल्या रागासाठी, लोभासाठी आहे. युद्धाची आज्ञा धर्मासाठी. हातात तलवार असली, तरी मनात द्वेष नसला की ते मारणं नव्हे."

"माज्या मनात द्वेष नव्हता. हातात तलवार बी नव्हती," संतुकमामा म्हणाले. "तरी मानूस मेला."

"आत्मा मरत नाही, संतुकराव."

"मग मुंगीचा बी मरत नसंल. मी जलमभर रस्त्यात कामून थांबलो?"

मागे किसन गाडीवाला हसला. मग कुणी तरी त्याला गप्प केलं.

बुवा चिडले नाहीत. म्हणाले, "देवाच्या एका वचनाने दुसरं खोटं होत नाही. दोन्ही खरी मानावी लागतात."

"मानतो की. मला बी दोनी खरीच दिसायलेत. मारू नको हे त्यानं सगळ्यांला सांगितलं. मार हे एकाला सांगितलं. त्या रानात, त्या दिवशी, समोर हत्यार घेऊन उभ्या ऱ्हायलेल्या लोकांपुरतं. मी त्या एकाचा जबाब घेतला अन् गावाला वाचून दाखिवला. हितं समोर हत्यार नव्हतं, बुवा. कापूस व्हता."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हुसेन ह्या पायरीवर बसून पोथी ऐकायचा. घोडे आले की खूश व्हायचा. एकदा मला म्हनला, 'मामा, तुमारा भगवान चींटी कू मारनको बोलता, भाई कू मार बोलता. फिर मैं चींटी हूँ या भाई?' मी म्हनलो, बघून सांगतो."

"मग?" बुवांनी विचारलं.

"बघतच व्हतो."

बुवांनी पोथी स्वतःच्या हातात घेतली. धनुष्य खाली पडलं तिथलं पान काढलं आणि घसा साफ केला. ओसरीवरून परस समोर दिसायचं. पहिला शब्द तोंडातून निघाला आणि बुवांची नजर वर गेली. ते तसेच बघत राहिले. मग अगदी सहज आवाजात, घरी पाहुणे आले असताना बोलावं तसं, ते म्हणाले, "त्या मंडळींना आधी बसायला सांगा. किती वेळ उभं ठेवायचं त्यांना?"

सगळ्यांनी वळून बघितलं. परसात बाभूळ होती.

बुवांना आपण काय बोललो ते आमची तोंडं बघून कळलं. त्यांनी पोथी मिटली, दोन्ही हातांनी संतुकमामांपुढे ठेवली आणि गाडी जुंपायला सांगितली. पुरणाचा स्वयंपाक झाला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर गावाने नाद सोडला. वर्षं गेली. निजामाचा मुलूख मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, शाळेला पक्की भिंत आली. संतुकमामा रोज शंखापासून धनुष्यापर्यंत वाचत राहिले. मग त्यांच्या पायांवर सूज चढली, धाप लागायला लागली. वाचताना घोड्यांच्या इथेच दम संपायचा. थोडं थांबून पुढे जायचे.

गयामामीच्या पोटात एकच भीती होती. भिंतीवरून मला ते भांडण रोज ऐकू यायचं.

"तडीला न्या आता. असेच गेलात तर तुमीबी त्येंच्यात उभं ऱ्हाताल. मला तुमी सुटलेले दिसू द्या."

"वाचलं की तो धनुष्य उचलतोय, गया. अजून उचललं न्हाई त्यानं."

"पोथीतला उचलतोय. ज्याचं व्हायचं त्याचं झालं की इकडं."

"झालं. पन देवानं सांगितलं म्हनून झालं का मी सांगितलं म्हनून, ते मला अजून दिसंना. त्याच्यावर ढकलून वाचू कसा? अन् माज्यावर घेतलं तर ते पोथीत न्हाई."

एक दिवस गयामामी डोक्यावर पदर घेऊन वेशीकडे गेली. हुसेनच्या बायकोकडे, खैरूनबीकडे. नवऱ्यामागे तीच पिंजायचं काम करायची. मोठ्या हाडाची बाई, आवाज मोठा, केसांत कायम कापसाची कुसं. आमच्या गल्लीत ती कधी येत नसे. त्या दुपारी आली. गयामामीने मला हाक मारली, "तू बी ये गं, मला एकटीला धीर होईना."

खैरूनबी ओसरीवर चढली नाही. पायरीवर बसली. "पढो मामा," ती म्हणाली. "उस दिन जो पढे थे, वहीच पढो. मेरे सामने."

संतुकमामांनी तिच्याकडे पाहिलं. मान वर करून कुणाकडे बघताना मी त्यांना तेव्हाच बघितलं. मग पोथी सोडली. शंख, नावं, घोडे, हत्ती. धनुष्य खाली पडलं. ते थांबले, श्वास घेतला आणि पुढचं पान उलटलं.

परसात आवाज झाला. खूप माणसं फार वेळ एका पायावर उभी असावीत आणि सगळ्यांनी एकदम पाय बदलावा, तसा. गयामामीने माझं मनगट धरलं. खैरूनबीने मागे वळून पाहिलं नाही. देवाचा जबाब लांब होता. पायरीवरचं ऊन उतरून अंगणात गेलं तरी संतुकमामा वाचत होते, आणि बाहेर ते ऐकत असल्यासारखी शांतता होती. शेवटी ते तिथे आले. समोरचे आधीच मेलेले आहेत, तू नुसता निमित्ताला उभा राहा.

"ठैरो," खैरूनबी म्हणाली. "इत्ते सारे नावां लिए तुमे. राजे के, भाई के, घोड्यां के तक. मेरे मरद का नाव किधर है इसमें?"

संतुकमामांनी पान चाळलं. खरंच चाळलं, नाव सापडेल असं वाटल्यासारखं. "न्हाई," ते म्हणाले.

"तो फिर वो छोकरे आके पूछे, तो तुमे क्या बोलना था?"

त्यांचं तोंड उघडलं. ते नेहमीचं बोलणार असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "नको म्हनायचं व्हतं."

"हौ," खैरूनबी म्हणाली. "बस, इत्ताच."

ती उठली, ओढणी झटकली आणि निघून गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. गयामामीने दिलेलं पाणी तसंच पायरीवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून पोथीचा आवाज आला नाही. पुढे कधीच आला नाही. त्या पावसाळ्यात संतुकमामा गेले. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, त्यांचं मरण मी पाहिलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पोथी थांबली त्याच दिवशी, दुपारी.

मी दारात बसून तूर पाखडत होते. संतुकमामा काठी टेकत गल्लीत आले. सूज एवढी की पायात जोडा जात नव्हता, अनवाणीच होते. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. तरी त्यांच्यामागे थेट परसापासून धूळ होती. खिल्लारं परतताना उठते तशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ते पाटलाच्या पुतण्याच्या दारात थांबले, धूळ थांबली. आत काहीतरी बोलले. दार बंद झालं. ते पुढे निघाले, धूळ निघाली. मग सुताराच्या दारात. मग आमच्या.

सासू आतून म्हणाली, "सूनबाई, दार लाव." तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी दार लावलं नाही. माधवराव बाहेर जायला निघाले होते. डोक्याला पटका बांधत बांधतच ते उंबऱ्यापर्यंत आले. "काय मामा?"

"माधवा," संतुकमामा म्हणाले, "त्या दिवशी देवानं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. नको म्हनायचं व्हतं, म्हनलो न्हाई. कुऱ्हाड तू उचलली, ते तुजं तू बघ. पन त्यात देवाला घालू नगंस."

माधवराव तेव्हा चार लेकरांचे बाप होते. लहान पोरासारख्या आवाजात म्हणाले, "आता कामून सांगायलात, मामा? लय वर्सं झाली की."

"व्हय. लय वर्सं झाली," संतुकमामा म्हणाले, आणि काठी उचलून पुढच्या दाराकडे वळले.

थोडी धूळ त्यांच्यामागे गेली. बाकीची आमच्या दारापुढे उभी राहिली. माधवराव तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी डोक्याचा पटका काढला आणि हातात धरून तसेच उंबऱ्यात उभे राहिले.